भाजीत काटा

आमच्या ऑफिसात प्रिंटरवर कुणाचा कागद पडून राहिला की काका तो न वाचता आधी पालथा घालायचे आणि मग हाक द्यायचे, "कोनाचा कागद?" ज्याचा कागद तो येईपर्यंत कागद त्यांच्या तळव्याखाली. एकदा कुणीच आलं नाही. काका जेवायलासुद्धा उठले नाहीत. चार वाजता साहेब बाहेरून आले तेव्हा कळलं, कागद साहेबांचा होता आणि त्यावर शेजारच्या गल्लीतल्या पोळी-भाजी केंद्राचा मेनू होता. आम्ही हसून हसून बेजार. काका शांतपणे डबा उघडत म्हणाले, "हसा. पालथा कागद सगला सारखाच दिसतो."

त्यांच्याबद्दल लिहायचं मी तीन वर्षं टाळलं. माणूस गमतीदार होता, चार लोकांत त्याचे किस्से मी कितीदा सांगितलेत. पण किस्से सांगत सांगत मी एका ठिकाणी येते आणि तिथून विषय बदलते. आज बदलणार नाही.

काका आमच्या महापेच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते. आम्ही लिहिलेल्या कामातल्या चुका ग्राहकाच्या आधी शोधायच्या, ही त्यांची नोकरी. पन्नाशी उलटलेली, उरणच्या मोरा बंदराजवळ घर, दोन बस बदलून यायचे आणि तरी आमच्या आधी पोचायचे. बाकी आम्ही सगळी विशी-पंचविशीतली. साहेबसुद्धा त्यांना काकाच म्हणत.

आमचं सॉफ्टवेअर होतं कारखान्यांतल्या कामगारांच्या वैद्यकीय तपासणीचं. कुणाची तपासणी झाली, कोण कामाला योग्य, कोण तात्पुरता अपात्र आणि का. रबाळे, दिघा, तळोजा असे पन्नास-साठ कारखाने ते वापरायचे. प्रत्येकाला वेगळं सॉफ्टवेअर नव्हतं. एकच होतं, सगळ्यांची माहिती एकाच ठिकाणी साठलेली, फक्त ज्याने त्याने आपापल्या पासवर्डने आत आल्यावर आपलीच माणसं दिसायची. हे मला पहिल्या दिवशी साहेबांनी फळ्यावर चौकोन काढून तासभर समजावलं. नंतर काकांनी चहा संपायच्या आत समजावलं.

"माझी आई धक्क्यावर म्हावरा विकायची," ते म्हणाले. "बर्फाची पेटी एक, बाया पाच. मधी फल्या. बर्फ सगल्यांचा, पन फली जिची तिची. फली सरकली का हिचा पापलेट तिच्या वाट्यात. मंग भांडना! आई झाकन उघडलाव का पयला फलीला हात लावायची, मंग माशाला. आपला काम तेवराच हाय, गो बाय. फलीला हात लावायचा."

फळीला हात लावायची त्यांची रीत मात्र जगावेगळी होती. तपासण्यासाठी खोट्या कंपन्या लागतात, त्यांत खोटे कामगार लागतात. लोक सरळ एक, दोन, तीन असे आकडे टाकतात. काकांनी दोन कंपन्या उभ्या केल्या होत्या. एकीत सगळे मासे, दुसरीत सगळ्या भाज्या. श्री. बोंबील, श्रीमती सुरमई, कु. मांदेली, श्री. वाकटी. दुसरीकडे श्री. पडवळ, श्रीमती दुधी, श्री. घेवडा, शेपूबाई. प्रत्येकाला वय, विभाग, रक्तगट, आजार. सुरमईबाईंना पावसाळ्यात दोन महिने सक्तीची रजा, कारण तेव्हा समुद्रात मासेमारी बंद. कारल्याला अर्थातच मधुमेह. घेवड्याच्या पाठीत दुखायचं. दोन्ही कंपन्यांना तपासायला येणारा डॉक्टरही त्यांनी मुद्दाम एकच ठेवला होता. मी विचारलं का, तर म्हणाले, "फली सरकली तर तितंच सरकंल."

युक्ती इतकी सोपी, की मला आधी तो वेडेपणाच वाटला. भाज्यांच्या रिपोर्टात एक जरी मासा दिसला, तर चूक पकडायला डोकं लागत नाही, डोळे पुरतात. तरी काका आपला नियम मोडायचे नाहीत. मासळीची कंपनी तपासून झाली की ती बंद करायची, उठायचं, कूलरपर्यंत जाऊन पाणी प्यायचं, मग येऊन भाजीची उघडायची. दोन्ही एका वेळी कधी उघडली नाहीत. घाई असली की मी चिडायचे. "काका, पाणी नंतर प्या ना." ते म्हणायचे, "तोंड खंगाळल्याबिगर दुसरी चव कलत नाय."

माझी पहिली चूक त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात पकडली. त्यांची एक सवय होती, टेबलाशी येऊन काहीच न बोलता उभं राहायची. मुळात मी घाबरट. कुणी मागे उभं राहिलं की माझी बोटं चालेनाशी होतात. मी वळले, तर ते खाली वाकून माझ्या एकटीच्या कानाला ऐकू जाईल असं बोलले, "भाजीत काटा लागला." शेपूबाईंच्या खाली मांदेली बसली होती. मी रात्री झोपले नाही. साहेबांना कळलं तर काढून टाकतील, अजून कायमची ऑर्डर हातात यायची होती. दुसऱ्या दिवशी साहेब माझ्याशी नेहमीसारखेच बोलले. तिसऱ्या दिवशीही. काकांनी त्यांना फक्त "एक काटा होता, निंगाला" एवढंच सांगितलं होतं. कुणाच्या ताटात, ते नाही. असे माझे पुढे बरेच काटे निघाले आणि एकदाही नाव बाहेर गेलं नाही.

त्यांची ही रीत कामापुरती नव्हती. हजेरीच्या वहीत सही करताना वरच्या-खालच्या ओळींवर ते रुमाल ठेवायचे. दवाखान्यात डॉक्टर दुसऱ्या पेशंटशी बोलायला लागले की उठून बाहेर जायचे, आणि एकदा असे बाहेर गेले की त्यांचा नंबरच गेला. कधी कधी त्याचा त्रासही व्हायचा. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण चार दिवस आली नाही, फोन बंद, मी काळजीने अर्धी झाले. नंतर कळलं की ती हॉस्पिटलमध्ये होती आणि हे काकांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी फणकारले. "मला सांगायला काय झालं होतं?" ते म्हणाले, "तिचा होता तो. तिना सांगाया पायजे होता." त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. माणूस चांगला असला म्हणजे सोयीचा असतोच असं नाही.

नारळी पौर्णिमेला काका दरवर्षी दोन दिवस सुट्टी घ्यायचे. त्या वर्षी नेमके दुसऱ्या दिवशी एका मोठ्या कंपनीचे लोक आमचं सॉफ्टवेअर बघायला यायचे होते. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "अगं, त्यांना काय बोंबील आणि पडवळ दाखवणार का? लाज जाईल. एक कॉपी काढ, कॉपीत जरा माणसांसारखी नावं टाक."

कॉपी काढायला वेळ लागत होता. पाच वाजले होते, मला ऐरोलीची बस पकडायची होती. मी कॉपी काढली नाही, मूळ कंपन्यांतच नावं बदलली. आमच्या भागात जी नावं चटकन सुचतात तीच टाकली. सुनील पाटील, संगीता म्हात्रे, रमेश ठाकूर, मनीषा भोईर. दोन्ही कंपन्यांत तीच. डेमो छान झाला. साहेब खूश. "आता हेच राहू दे," ते म्हणाले.

काका आले, संगणक सुरू केला आणि बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. घरात आपल्या खुर्चीवर कुणी भलताच माणूस बसलेला दिसावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता. "माझी मानसा कुटं गेली?" त्यांनी विचारलं. मी खाली बघून टाइप करत राहिले. साहेब आतून म्हणाले, "काका, मीच सांगितलं. पुढच्या महिन्यात अजून दोन डेमो आहेत, नंतर घाला परत तुमचा बाजार." मासे परत यायच्या आतच माझा नवा रिपोर्ट तपासायला त्यांच्याकडे गेला.

दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी आठ वाजता प्रत्येक कंपनीला तिच्या अपात्र कामगारांची यादी आपोआप मेलने जावी, असा तो रिपोर्ट होता. काकांनी तपासला. एका कंपनीत सुनील पाटील दिसला, दुसरीतही दिसला. दोन्हीकडे होताच की! ते दोनदा कूलरकडे जाऊन आले, आणि रिपोर्ट पास झाला.

एक तारखेला सकाळी मी साडेनऊला पोचले, तर काका माझ्या खुर्चीशी उभे. ह्या वेळी खाली वाकले नाहीत. "माझ्या भाजीत चारच आजारी होते," ते म्हणाले. "मी लिवलेत, मना म्हाईत हाय. रिपोर्टात नव आलेत."

मी उघडून बघितलं. यादी काढताना कंपनी विचारायची राहून गेली होती, मी फक्त डॉक्टर विचारला होता. म्हणजे ज्या दोन कंपन्यांचा डॉक्टर एक, त्यांच्या याद्या एकमेकींत मिसळणार. खऱ्या ग्राहकांत अशी जोडी एकच निघाली. दिघ्याच्या एका कारखान्यातल्या अकरा आजारी माणसांची यादी, नाव आणि कारणासकट, रबाळ्याच्या एका पॅकिंग कंपनीला गेली होती. वर शीर्षक रबाळ्याच्या कंपनीचं. तिचं स्वतःचं त्या महिन्यात कुणीच अपात्र नव्हतं, म्हणून उलट दिघ्याला काही गेलं नव्हतं. मेल आठ वाजून बारा मिनिटांनी उघडलेला.

साहेब म्हणाले, "असले रिपोर्ट कोण वाचतं? सुधारित म्हणून नवा पाठव, आणि फोन-बिन कुणी करायचा नाही." मी दहा मिनिटांत ती एक ओळ घातली, नवा रिपोर्ट पाठवला आणि पाणी प्यायला गेले. काका जिन्यात उभे राहून आपल्या मोबाइलवरून रबाळ्याच्या एचआर मॅडमना फोन लावत होते. त्यांचा आवाज मला ऐकू येत होता, मॅडमचा नाही, पण मधेच काका एकदम गप्प झाले.

परत आले तेव्हा त्यांनी साहेबांना सगळं सांगितलं, केबिनचं दार उघडं होतं. मॅडमनी रिपोर्ट वाचला होता. त्यांच्याकडे पाच तारखेला एक बाई कामाला लागणार होत्या, त्यांचं नाव यादीत दिसलं. कारण, टीबी. मॅडमना वाटलं, आपल्याच डॉक्टरने तपासून अपात्र ठरवलंय. सकाळीच त्या बाईंना फोन करून येऊ नका म्हणून कळवलं.

"यादी त्यांची नाय, असा लेखी द्या म्हनतात," काका म्हणाले. "तुमी द्या, साहेब."

"लेखी दिलं की उद्या साठच्या साठ कंपन्या जातील. मग तुम्ही सगळे काय करणार?"

साहेब वाईट नव्हते, तेही घाबरले होते. दुपारी त्यांनी मला बोलावून त्या दिवशीची नोंद पुसायला सांगितली. कुठला रिपोर्ट, कुणाची माहिती, कुणाला गेला, तो शेवटचा कुणी बदलला, अशी नोंद सॉफ्टवेअर आपण होऊन ठेवतं. मी पुसली. कायमची ऑर्डर त्याच महिन्यात मिळणार होती.

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतःच्या हस्ताक्षरात पत्र लिहिलं आणि रबाळ्याला नेऊन दिलं. मॅडमनी आमच्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, आमच्या सिस्टममध्ये असं होऊच शकत नाही, ते गृहस्थ जरा नाराज आहेत. संध्याकाळी काकांचा पासवर्ड बंद झाला होता.

ते डबा, रुमाल आणि चष्म्याचं घर पिशवीत भरत होते. मी उगाच शेजारी उभी राहिले.

"गेटवर ती बाय भेटली," ते म्हणाले. "इनवन्या करायला आली होती. औषधाचा कोर्स पुरा झाला, डॉक्टरनी फिट लिवून दिला. दिघ्याच्या कंपनीनी जुनी यादी बदलली नाय तेवरीच. ती नोकरी सोडून बसली, ही गेली."

मग त्यांनी पिशवीतून एक कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला. पालथा. "तुझा हाय. कोनी बघला नाय."

आदल्या दिवशी सकाळी, मी नोंद पुसायच्या आधी, त्यांनी ती छापून घेतली होती. वर दिघ्याच्या कंपनीचं नाव, खाली अकरा जणांची यादी, कुणाला गेली ते रबाळ्याच्या कंपनीचं नाव, आणि सर्वात शेवटी, बदल करणाऱ्या व्यक्तीपुढे, माझं. रबाळ्याच्या मॅडमना जो पुरावा हवा होता तो हाच. जगात आता एवढी एकच प्रत होती आणि काकांनी ती मला दिली होती.

ते मला म्हणू शकले असते की हा घेऊन रबाळ्याला जा. मी तर म्हणते, त्यांनी स्वतःच नेऊन द्यायला हवा होता. एका बाईची नोकरी जात होती आणि हा माणूस कागद कुणाचा ते बघत बसला! ह्या गोष्टीचा मला अजूनही राग येतो. पण मला हेही कळतं की त्यांच्यावर रागावलं की मला बरं वाटतं.

आठवड्याने त्यांचा फोन आला. "कागद हाय ना?"

"आहे काका."

"बरा." आणि ठेवला. पुन्हा कधी विचारलं नाही.

कायमची ऑर्डर मिळाली. पुढे मी नोकरीही बदलली. कागद मी फाइलमध्ये ठेवला, मग दुसऱ्या फाइलमध्ये, मग कपाटात साड्यांखाली. कुठे ठेवलाय ते मी कधी विसरले नाही. टीव्हीवर टीबीची जाहिरात लागली की मी उठून स्वयंपाकघरात जायचे. नव्या ऑफिसात पहिल्याच महिन्यात मी दोन खोट्या कंपन्या केल्या, मासे आणि भाज्या. सगळ्यांना आवडल्या. कल्पना कुणाची विचारलं, तर मी म्हणाले, होते एक काका.

ह्या वर्षी आम्ही उलव्याला राहायला आलो. सामान लावताना कागद हाती आला आणि नवऱ्याने विचारलं, "हे काय गं?" मी कागद पटकन पालथा घातला. माझंच मला कसंतरी झालं. त्या दुपारी काकांना फोन केला. आवाज तसाच होता, मागे कुणीतरी मासे कापत असल्यासारखा खटखट आवाज. मी त्या बाईंचा पत्ता मागितला. काकांनी आधी त्या बाईंना फोन करून विचारलं आणि मग मला दिला.

"उशीर झाला, काका," मी म्हणाले.

"ता मना नको सांगू. तिला सांग."

दिघ्यात तिसऱ्या गल्लीत, वरच्या खोलीत त्या बाई राहतात. चाळिशीच्या असाव्यात, अंगाने सडपातळ. लोकांना पोळ्या करून देतात, मी गेले तेव्हा कणीक मळत होत्या. मी दारातच भडाभडा बोलायला लागले. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि मला बसायला सतरंजी दिली.

"काका बोलले होते," त्या म्हणाल्या. "तेव्हाच, गेटवर भेटले त्याच्यानंतर आठ दिवसांनी फोन आला होता त्यांचा. एक मुलगी येईल, तिच्याकडे कागद हाय. तिच्यावर ओरडू नका, ती घाबरते, पण येईल."



"दोन-तीन महिने दार वाजलं की वाटायचं, आली. मग आमी पोळ्या चालू केल्या."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचीही लाज वाटली, कारण त्यांच्या डोळ्यांत नव्हतं. मी पिशवीतून कागद काढला आणि त्यांच्यासमोर उलगडून ठेवला, अख्खा. आता याचा उपयोग नाही हे मला माहीत होतं, तरी बोट ठेवून दाखवलं, हे बघा, ही तुमची ओळ, ही कंपनी, आणि खाली हे माझं नाव.

त्यांनी वाचलं. मग बोट वर नेलं, खाली नेलं. "हे बाकीचे दहा जण कोन?"

"तुमच्यासारखेच. तिकडच्याच कंपनीतले."

"यांना काय काय झालंय ते लिवलंय इथं."

"हो."

"मग मला कशाला दाखवताय?"

त्या रागाने बोलल्या नाहीत. साधं विचारलं, आणि आपली नजर कागदावरून काढून कणकेच्या परातीकडे नेली, मी कागद झाकेपर्यंत तिकडेच ठेवली.

मी कागद उचलला. पहिली घडी चुकली, दुसरीही चुकली. तिसऱ्यांदा, त्यांची ओळ आणि माझं नाव एवढंच वर राहील अशी घडी घातली आणि कागद पुन्हा त्यांच्यासमोर ठेवला.